नारिंगी धाकधूक

2015 साली 'इनसाइड आऊट' पाहिला तेव्हा लेक चार वर्षांची होती. थिएटरची खुर्ची तिच्या वजनाने खाली राहीना, सारखी मिटायची, म्हणून अख्खा सिनेमा तिने माझ्या मांडीवर बसून पाहिला. बिंगबाँग, तो रायलीचा लहानपणीचा मनातला सवंगडी, विसरलेल्या आठवणींच्या खाईत मागे राहिला, तेव्हा तिने मान वळवून विचारलं, "आई, तो परत कधी येणार?" मला उत्तर देता आलं नाही. पडद्यावरची रायली अकरा वर्षांची होती आणि आमच्या घरात अकरा हे वय फार लांबच्या गावासारखं वाटायचं.

2024च्या जूनमध्ये दुसरा भाग आला. मधल्या नऊ वर्षांत रायली दोनच वर्षांनी वाढली, तेराची झाली. लेकही तेराची. तिने रायलीला गाठलं होतं. या खेपेला ती शेजारच्या खुर्चीत होती आणि आमच्या मध्ये पॉपकॉर्नचा डबा होता.

पहिल्या भागाचं दिग्दर्शन पीट डॉक्टर यांचं होतं, दुसऱ्याचं केल्सी मान यांचं. मांडणी तीच. रायलीच्या डोक्यात एक नियंत्रणकक्ष आहे आणि आनंद, दुःख, राग, भीती, शिसारी ही मंडळी तिथली बटणं सांभाळतात. एका रात्री वयात येण्याची घंटा वाजते, कामगार येऊन कक्षाची मोडतोड करतात, आणि सकाळी चार नवी माणसं दारात उभी. हेवा, कंटाळा, ओशाळलेपण, आणि ढीगभर सामान घेऊन आलेली, केस विस्कटलेली नारिंगी अँग्झायटी.

हिला मराठीत काय म्हणावं, हे मी सिनेमाभर मनात घोळवत होते. चिंता जरा पुस्तकी वाटते. घोर मोठ्या माणसांच्या जिवाला लागतो. हुरहुर फार हळवी. धाकधूक मला सगळ्यात जवळची वाटली, कारण त्या शब्दात छातीचे ठोकेच ऐकू येतात. पण मग आठवला तो रोजचा, साधा शब्द: काळजी. 'मला काळजी वाटते' म्हणतो तीही काळजी, आणि 'काळजी घे' म्हणतो तीही. सिनेमातली ही नारिंगी बाई नेमकी या दोन अर्थांच्या मध्ये उभी आहे. दिसणाऱ्या संकटांपासून भीती रायलीला जपते, न दिसणाऱ्या संकटांपासून मी जपणार, असं ती आल्या आल्या सांगते. ती दुष्ट नाही. तिचा जीव रायलीत अडकलेला आहे, म्हणूनच ती रायलीला रात्रभर झोपू देत नाही. हे इतकं नेमकं पकडल्याबद्दल मी या सिनेमाची ऋणी आहे. आमच्याही घरी परीक्षेच्या आदल्या रात्री दाराखालच्या फटीतून दोन वाजता उजेड दिसतो.

तरी सिनेमाभर काहीतरी कमी पडल्याचं जाणवत राहिलं. जुन्या भावनांना कक्षाबाहेर फेकायचं आणि परतीची वाट शोधायला लावायची, ही पहिल्याच भागाची वाट पुन्हा तुडवली आहे. हेवा आणि कंटाळ्याला फारसं काम नाही. ज्या दुःखाने पहिला भाग तोलून धरला, ते इथे बाजूला पडलं आहे. वाटेत भेटणारी नवी पात्रं हसवतात आणि निघून जातात, कुणासाठीच घशात आवंढा येत नाही. मोठं होताना काहीतरी कायमचं मागे सुटतं, हे सांगायचं धाडस पहिल्या भागात होतं. इथे शाळा बदलणार असलेल्या ब्री आणि ग्रेस या दोन मैत्रिणी दुरावतात, पण फार लवकर, फार सहज परत मिळतात. तेराव्या वर्षी तुटलेली मैत्री इतक्या पटकन सांधत नाही. शेजारी बसलेलीला ते माझ्याहून जास्त माहीत होतं.

ओशाळलेपण मात्र मला फार आवडलं. केवढा धिप्पाड गडी, आणि कानटोपरं ओढून स्वतःतच लपतो. दुःख चोरपावलांनी कक्षात परत येतं तेव्हा यालाच ते दिसतं, आणि हा कुणाला काही न सांगता त्याला लपायला मदत करतो. लाजेला आणि दुःखाला एकमेकांची भाषा कळते, हे त्या दोन-चार क्षणांत दिसून जातं.

आणि मग आनंदची ती नळी. रायलीच्या मनात खालच्या तळ्यातून तारा उगवतात, एकेका आठवणीची एकेक तार, आणि त्या वर एकत्र येऊन तिचं 'मी' तयार होतं. 'मी चांगली आहे' असं ते म्हणत राहावं म्हणून आनंद नकोशा आठवणी उचलते आणि नळीतून मनाच्या पार मागे भिरकावून देते. ते पाहताना मी खुर्चीत सावरून बसले. तिसरीत असताना स्नेहसंमेलनात लेक वाक्य विसरली होती. सगळ्या सभागृहासमोर गप्प उभी राहिली, फ्रॉकचं टोक मुठीत धरून. मी त्या दिवसाचे फोटो फोनमधून काढून टाकले आणि घरात तो विषय कधीच निघू दिला नाही. मला वाटायचं, मी तिला जपतेय.

रायली संघात निवड व्हावी म्हणून हॉकीच्या शिबिराला गेलेली असते. तिथल्या शेवटच्या सामन्यात ती जिवाच्या आकांताने खेळते, ग्रेसला धडकते, आणि दोन मिनिटांसाठी तिला शिक्षेच्या चौकटीत बसवतात. तिथे तिचा श्वास अडकतो. आत अँग्झायटी बटणांभोवती इतक्या वेगाने भिरभिरते की नारिंगी वावटळ उठते, आणि वावटळीच्या मधोमध ती स्वतः थिजून उभी असते, डोळ्यांत पाणी. आनंद तिला हरवत नाही, रायलीला सोड म्हणून विनवते. नंतर आनंद स्वतःही मागे सरते, आणि चांगल्यावाईट सगळ्या आठवणींचं मिळून जे 'मी' उगवतं त्याला सगळ्या भावना मिठी मारतात. या एका प्रसंगासाठी बाकीचं सगळं मी माफ करते.

रायलीची संघात निवड झाली की नाही, हे सिनेमा सांगत नाही. ती फोनवर निकाल बघते, आरशात स्वतःकडे पाहून हसते, आणि संपतं. थिएटरात मागून कुणीतरी कुरकुरलं. मला ते न सांगणं फार बरं वाटलं.

बाहेर पाऊस लागला होता. रिक्षात लेक बराच वेळ प्लास्टिकच्या पडद्यावरून ओघळणारं पाणी बघत होती. मग म्हणाली, "आई, तिसरीतलं गॅदरिंग आठवतं तुला?"

"आठवतं," मी म्हटलं.

"मलापण. पुढचं वाक्यसुद्धा आठवतं आता." आणि तिने ते म्हणून दाखवलं, पूर्ण, रिक्षाच्या आवाजाच्या वर आवाज काढून.