कोकिळेची तबकडी

एखादे गाणे ऐकावेसे वाटले तर तुम्ही काय करता? फोन हातात घेता, गाण्याचे नाव सांगता आणि गाणे सुरू होते. आवडले नाही तर ते अर्ध्यावर सोडता आणि दुसरे लावता. माझ्या लहानपणी असे नव्हते. तीन मिनिटांचे गाणे ऐकायचे, तर आधी पाच मिनिटे तयारी करावी लागे. त्या तयारीची आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीची गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे.

परभणीहून जिंतूरकडे जाताना वाटेत झरी हे गाव लागते. तेच माझे गाव. आमच्या घरी सगळे उर्दू बोलत. माझे आजोबा शिवणकाम करीत. आम्ही त्यांना 'दादा' म्हणत असू. शाळेत मराठीच्या पुस्तकात 'दादा' म्हणजे मोठा भाऊ असे वाचले, तेव्हा मी गोंधळूनच गेलो होतो!

दादांकडे एक ग्रामोफोन होता. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता, त्या काळात त्यांनी तो हैदराबादहून आणला होता. परभणीपर्यंत आगगाडीने आणि पुढे झरीपर्यंत बैलगाडीने. धक्के बसू नयेत म्हणून दादा त्याला सारा रस्ता मांडीवर घेऊन बसले होते, असे दादी सांगत असे.

या यंत्राला वीज लागत नसे. त्याच्या पोटात एक मजबूत स्प्रिंग असे. बाजूची चावी फिरवली की ती गुंडाळली जाई, आणि मग हळूहळू सुटताना वरची तबकडी फिरवी. 'तबक' हा शब्द तुम्हाला उर्दूतून माहीत आहे. त्याच तबकासारखी गोल आणि चपटी, म्हणून तिला मराठीत तबकडी म्हणतात. ती एका मिनिटात ७८ वेळा फिरे. तिच्यावर अगदी बारीक, नागमोडी रेघ कोरलेली असे. पोलादी सुई त्या रेघेतून जाताना थरथरे आणि त्या थरथरण्याचा आवाज कर्ण्यातून मोठा होऊन बाहेर येई. एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे गाणे मावे. ते संपले की सुई बदलायची. बोथट सुईने तबकडी खरवडली जाते. दादा शिवणयंत्राचे तेल ग्रामोफोनलाही घालीत आणि म्हणत, "दोघेही सुईवर चालतात!"

या तबकड्या कशापासून बनत, ठाऊक आहे? लाखेपासून. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे बारीक किडे राहतात. त्यांच्या अंगातून पाझरणारा चिकट पदार्थ म्हणजे लाख. त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी तयार करीत. म्हणून ती काळीभोर दिसे आणि काचेसारखी फुटेही.

आपल्या देशात पहिल्या तबकड्यांसाठी गाणी मुद्रित झाली ती १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात, कोलकात्यात. त्या वेळी गायलेल्या गौहर जान यांचे नाव पुढे देशभर झाले. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव सांगत. असे का? त्या तबकड्या तयार होण्यासाठी जर्मनीला जात. कोणाचे गाणे आहे हे तिथल्या कारागिरांना कळावे, म्हणून ही युक्ती.

दादांकडे तीसेक तबकड्या होत्या. कव्वाल्या होत्या, सैगल यांची गाणी होती. बेगम अख्तर यांच्या गझला होत्या. तबकडीवर मात्र त्यांचे नाव 'अख्तरीबाई फैजाबादी' असे छापलेले होते. चारपाच तबकड्या मराठीही होत्या. एक होती उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची. खाँसाहेबांचा जन्म उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा, पण ते मिरजेत येऊन राहिले आणि मराठी नाट्यपदेही गायले. १९३७ साली ते वारले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दुसरी तबकडी होती त्यांच्या कन्येची, हिराबाई बडोदेकर यांची. तिच्यावरच्या गाण्यात एक कोकिळा गात असे.

सुया महाग पडत. त्यामुळे ग्रामोफोन फक्त शुक्रवारी रात्री लागे. शेजारचे गुरुजी न चुकता येत.

"काय चाचा, आज कोणाची मैफल?" ते विचारीत.

"आओ गुरुजी, बसा. तुम्ही सांगाल त्याची!" दादा म्हणत.

दोघांचे हे बोलणे दर वेळी होई, पण शेवटची तबकडी ठरलेली असे. ती हिराबाईंची. गुरुजी डोळे मिटून ऐकत. एकही शब्द बोलत नसत.

त्या वेळी मी सातवीत होतो. मला 'ळ' म्हणता येत नसे. उर्दूत हा आवाजच नाही. मी 'काळा'ला 'काला' म्हणे, 'बाळ'ला 'बाल' म्हणे आणि मुले हसत. एकदा वर्गात धडा वाचताना माझी इतकी फजिती झाली, की मी मराठीच्या तासाला तोंड उघडणेच बंद केले. गुरुजींना हे कळले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "शुक्रवारी हिराबाईंचा 'ळ' ऐक. 'कोकिळा' म्हणताना जीभ कुठे लागते ते बघ."

मी ऐकू लागलो. पण आठवड्यातून तीन मिनिटांत असे कितीसे कळणार? एका दुपारी दादा बाजारात गेले होते. मी गुपचूप ग्रामोफोन काढला, चावी दिली आणि ती तबकडी लावली. 'कोकिळा' शब्द आला की मी सुई उचले आणि पुन्हा मागे ठेवी. जीभ टाळूकडे वळवून मीही म्हणून बघे. दहाव्या की बाराव्या वेळी माझ्या तोंडून अगदी स्वच्छ 'ळ' निघाला! आनंदाच्या भरात मी तबकडी उचलली, वळलो, आणि तिची कड शिवणयंत्राच्या लोखंडी चाकावर आपटली. तिचे तीन तुकडे झाले.

दादा आले तेव्हा मी ते तुकडे मांडीवर घेऊन बसलो होतो. त्यांनी मला मारले नाही. एकेक तुकडा उचलून त्यांनी कापडात बांधला. मग म्हणाले, "गुरुजींना मी सांगणार नाही. तू सांगायचे. आणि मराठीत सांगायचे."

त्या शुक्रवारी गुरुजी आले. गझल झाली, कव्वाली झाली. मग ते म्हणाले, "आता आपली कोकिळा." दादा माझ्याकडे बघत राहिले. माझ्या घशाला कोरड पडली.

"गुरुजी, माझ्या हातून कोकिळेची तबकडी तुटली."

"तुटली नाही, फुटली म्हणावे," गुरुजी सवयीने म्हणाले. "दोरा तुटतो, तबकडी फुट..."

पुढे त्यांना बोलवेना. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "पण आत्ता तू 'कोकिळेची' म्हणालास ना? पुन्हा म्हण पाहू."

मी म्हटले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ते उठून घरी गेले. पुढेही ते दर शुक्रवारी येत राहिले. कोणीही मला कधी बोल लावला नाही. पण दोन तबकड्या झाल्या की खोलीत जरा वेळ शांतता पसरे. ती शांतता मला फार टोची.

१९७० च्या सुमारास ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आपल्याकडे निघेनाशा झाल्या. लांब वाजणाऱ्या तबकड्या आधीच आल्या होत्या. मग कॅसेट आल्या. मोहम्मद रफी मराठी गाऊ लागले, तेव्हा त्यांची गाणी मी रेडिओवर ऐकली. त्यांत 'ळ' आला की मी अजूनही कान टवकारीत असे!

पुढे मी नोकरीसाठी मुंबईला गेलो. तिथल्या चोर बाजारात जुने ग्रामोफोन आणि तबकड्या विकायला असतात. सुटीच्या दिवशी मी धुळीने भरलेले ढीग उपसत बसे. माझ्यासारखे आणखीही लोक तिथे दिसत. जुन्या तबकड्या जपणाऱ्या अशा लोकांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था मुंबईत १९९० साली स्थापन झाली. जे गाणे दुसरीकडे कुठेच उरलेले नसते, ते कधी कधी अशा एखाद्या माणसाच्या कपाटात सापडते.

१९९४ साली एका ढिगात मला ती तबकडी मिळाली. तीच हिराबाईंची. मी ती टॉवेलात गुंडाळली आणि झरीपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

दादा तेव्हा हयात नव्हते. ग्रामोफोनची स्प्रिंग गंजली होती. ती मी परभणीहून दुरुस्त करून आणली. शुक्रवारी रात्री गुरुजींना हात धरून घरी आणले. त्यांना ऐकू कमी येत होते, म्हणून त्यांची खुर्ची कर्ण्याजवळ ठेवली. नवी सुई लावली. आधी खरखर आली, मग हिराबाईंचा आवाज आला. गुरुजींनी डोळे मिटले. दादांच्या जागेवर कोणीच बसले नव्हते.

गाणे संपले. मी सुई उचलली. गुरुजींनी विचारले, "काय रे, कोणता पक्षी गात होता?"

"कोकिळा, गुरुजी."

"बरोबर," ते म्हणाले. "आता दुसरी बाजू लाव."

मित्रांनो, तुमच्याही घरी किंवा शेजारी एखाद्या पेटीत जुन्या तबकड्या असतील. त्या उन्हात ठेवू नका. एकीवर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. हात फक्त कडेला लावा. आणि त्या एकट्याने ऐकू नका. ज्यांनी त्या विकत आणल्या, त्यांना शेजारी बसवा आणि विचारा, "हे गाणे तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकले?" गाणे तीन मिनिटांत संपेल, पण त्यांचे उत्तर बराच वेळ चालेल. ते पूर्ण ऐका.