सम्राटाचे घड्याळ आणि १९५४ चे जिनिव्हा

आज एका सोन्याच्या मनगटी घड्याळाविषयी. रोलेक्स ६०६२: काळी तबकडी, हिऱ्यांच्या खुणा; वार, तारीख, महिना आणि चंद्रकला दाखवणारी यंत्रणा.

व्हिएतनामचे अखेरचे सम्राट व तेव्हाचे राष्ट्रप्रमुख बाओ दाई यांनी ते १९५४ मध्ये जिनिव्हात घेतले, असे लिलावाचा इतिहास सांगतो. त्याच वर्षी ७ मे रोजी दिएन बिएन फू पडले. जुलैत त्याच जिनिव्हातील करारांनी १७व्या अक्षांशाजवळ त्यांचा देश दुभागला. १९५५ च्या सार्वमतानंतर ते पदच्युत झाले. १९९७ मध्ये पॅरिसमध्ये निवर्तले.

२०१७ साली जिनिव्हातच हे घड्याळ ५० लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले.

संग्राहक त्याची दुर्मिळता मोजतात, आणि ते योग्यच आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र दुसरीच गोष्ट अस्वस्थ करते. त्या रेषेमुळे ज्यांना घरदार सोडावे लागले, त्यांची भांडीकुंडी कोणत्याही लिलावात येत नाहीत. मौल्यवान ते टिकते, आणि टिकलेल्यालाच आपण साधन म्हणतो.

म्हणून काचेआडची सुवर्णवस्तू पाहाल, तेव्हा किमतीआधी तिचे साल विचारा. आणि त्या साली इतरांच्या हाती काय उरले होते, तेही.