केंटकीतले तारू

सिनसिनाटीचा विमानतळ ओहायो राज्यात नाही. तो नदीपलीकडे, केंटकीच्या बून काउंटीत आहे. त्याच काउंटीत, विमानतळापासून थोड्याच अंतरावर पीटर्सबर्ग इथे ‘क्रिएशन म्युझियम’ आहे. मूळचे ऑस्ट्रेलियातले विज्ञानशिक्षक केन हॅम यांच्या ‘आन्सर्स इन जेनेसिस’ या संस्थेने सुमारे २.७ कोटी डॉलर खर्चून ते २००७ मध्ये उघडले. पृथ्वी साधारण सहा हजार वर्षांची आहे आणि देवाने ती चोवीस तासांच्या सहा दिवसांत घडवली, असे इथे ठामपणे मांडले जाते.

सहा हजारांचा हिशेब जुना आहे. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळी जुळवून निर्मितीचे साल इ.स.पू. ४००४ असे काढले. खडकांचे थर आणि जीवाश्म म्हणजे बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयाचा गाळ, हे स्पष्टीकरण लोकप्रिय झाले ते मात्र विसाव्या शतकात, १९६१ साली व्हिटकम आणि मॉरिस यांच्या ‘द जेनेसिस फ्लड’ या पुस्तकामुळे. त्याआधीचे बरेच कडवे ख्रिस्ती पृथ्वीचे मोठे वय मान्य करत. शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून झालेल्या १९२५ च्या स्कोप्स खटल्यात उत्क्रांतीविरुद्ध उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही निर्मितीचे ‘दिवस’ चोवीस तासांचेच असले पाहिजेत असा आग्रह धरला नव्हता. सनातन म्हणून दाखवली जाणारी ही भूमिका अशी बरीच अर्वाचीन आहे.

संग्रहालयात अॅलोसॉरसचा खराखुरा सांगाडा आहे, आणि देखाव्यांत माणसे व डायनासोर एकत्र वावरतात. प्रेक्षक बहुतेक सहकुटुंब किंवा चर्चच्या मंडळींसोबत येतात. प्रस्तुत लेखक एका बॅप्टिस्ट कुटुंबाचा पाहुणा म्हणून गेला होता. जेवणाआधीच्या प्रार्थनेत नास्तिक पाहुण्याच्या सुखरूप प्रवासासाठीही दोन शब्द असत, त्यामुळे वाद घालणे जडच जाई. तरी किरणोत्सर्गी कालमापनाचा विषय निघाला, आणि यजमानांच्या शाळकरी मुलाने विचारले, “तुम्ही तेव्हा तिथे होतात का?” हा प्रश्न हॅम मुलांना आवर्जून शिकवतात.

खरी अडचण खडकांच्या वयात नाही, ती मरणात आहे. या श्रद्धेनुसार आदामाच्या पापापूर्वी जगात प्राण्यांनाही मृत्यू नव्हता. टिरॅनोसॉरससुद्धा शाकाहारी होता. जीवाश्म आदामाच्या आधीचे मानले, तर पापापूर्वी कोट्यवधी वर्षे मरण होते असे ठरते. मग पापाची शिक्षा मरण आणि त्यावर उतारा येशूचे बलिदान, ही साखळीच तुटते. म्हणून आकडेवारीला इथे वजन नाही. मत कशाने बदलेल, असे २०१४ मध्ये याच संग्रहालयातल्या जाहीर वादात विचारले गेले. हॅम यांच्याशी वाद घालणारे विज्ञानप्रसारक बिल नाय यांनी ‘पुराव्याने’ असे उत्तर दिले, तर हॅम यांनी आपण ख्रिस्ती आहोत आणि बायबल हेच देवाचे वचन आहे असे सांगितले. अनेक ख्रिस्ती पंथांना मात्र ही साखळी जुन्या पृथ्वीवरही तुटत नाही.

संग्रहालयाच्या दक्षिणेला विल्यमस्टाउन इथे याच संस्थेचे ‘आर्क एन्काउंटर’ २०१६ मध्ये उघडले. प्रलयातून जीव वाचवण्यासाठी नोहाने बांधलेल्या तारवाच्या, बायबलमधल्या तीनशे हात लांबीच्या मापाने उभारलेले हे लाकडी तारू ५१० फूट लांब, ८५ फूट रुंद आणि ५१ फूट उंच आहे. त्याच्या बांधणीत आमिश सुतारांचा हात होता, आणि सुतारकाम म्हणून ते खरोखर देखणे आहे. आत पिंजरे, धान्याची भांडी, मलमूत्र वाहून नेण्याच्या युक्त्या असे सारे रचून दाखवले आहे. सगळ्या जाती नव्हे, प्रत्येक ‘प्रकारा’ची मूळ जोडीच तारवात होती, आणि डायनासोरांची पिल्ले घेतली असावीत, असा खुलासा मिळतो. थोडक्या शतकांत त्या जोड्यांपासून आजच्या जाती झाल्या म्हणायचे, तर उत्क्रांतीपेक्षाही भरधाव बदल मान्य करावा लागतो! अशर यांच्या गणिताने प्रलयाचे साल इ.स.पू. २३४८ येते, आणि तेव्हा हडप्पाची नगरे भरात होती.

सिनसिनाटीच्या आसपास रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्यांत सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातले शिंपले उघडे पडलेले दिसतात. संग्रहालयही याच खडकांच्या प्रदेशात आहे. बून काउंटीतच बिग बोन लिक हे उद्यान आहे. खारट झऱ्यांच्या या दलदलीतून विल्यम क्लार्क यांनी १८०७ मध्ये अध्यक्ष जेफरसन यांच्यासाठी मॅमथ आणि मॅस्टोडॉन यांची हाडे खणून काढली. ही हाडे शेवटच्या हिमयुगातली, हजारो वर्षांपूर्वीची आहेत. तरुण पृथ्वी मानणारेही हिमयुग नाकारत नाहीत. ते त्याला प्रलयानंतरच्या काही शतकांत बसवतात.