सहाबारीचा जन्मदाखला

जळगावहून सुरतेच्या गाडीत बसले की कपाशीच्या काळ्या रानांतून गाडी थोड्याच वेळात धरणगावला येते. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला, तरी डोंगरांतल्या भिल्लांनी कंपनी सरकारला जेरीस आणले होते. फौजेला जे साधले नाही, ते जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांबरोबर शिकारी करून, त्यांच्यात बसून-उठून साधले. आणि १८२५ साली भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचे ठाणे हे धरणगाव.

अशा मुलखात जुन्या हत्यारांना दंतकथा लवकर चिकटतात. एखाद्या वाड्यात सहाबारी निघाली, की ‘ही आउट्रमसाहेबाची, भिल्ल पलटणीच्या वेळची’ असे सांगणारा कोणी तरी भेटायचाच. पण इथे सनावळी आडवी येते. आउट्रमने खानदेश सोडला १८३५ साली; कोल्टला फिरत्या कोठ्याच्या पिस्तुलाचे विलायती पेटंट मिळाले तेही त्याच साली, आणि अमेरिकेतले १८३६ साली!

मग खरे वय ओळखावे कसे? १८५१ च्या नमुन्याचे कोल्टचे ‘नेव्ही’ पिस्तूल घ्या. १८५३ ते १८५६ या काळात ते लंडनच्या कारखान्यातही होत असे. नळी, सांगाडा, कोठा, चापाची कडी यांवरचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. कोठ्यावर निराळा आकडा असेल, तर तो दुसऱ्या हत्याराचा. नळी साडेसात इंचांची हवी. कमी भरली तर कोणी तरी कापली आहे. लंडनच्या मालावर विलायती चाचणीचे ठसेही असतात. मात्र प्रत्येक बदल म्हणजे लबाडी नव्हे. काडतुसे आल्यावर ठासणीची कित्येक पिस्तुले त्या काळीच बदलून घेतली गेली. तो बदलही इतिहासच.

खरा घात करते ती आपली हौस. दिवाळीच्या साफसफाईत तांब्या-पितळेबरोबर हेही घासायला काढले, की ठसे पुसट होतात, कडा गोल होतात आणि दीडशे वर्षांची साक्ष एका दुपारी नाहीशी होते. तेव्हा घासू नये. बार भरलेला नाही ना, हे जाणत्याकडून पाहून घ्यावे आणि परवान्याची चौकशी करावी. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून जुनाट हत्यार सुटते, ते दुरुस्त करूनही झाडता येणार नसेल तरच.

एरंडोल, पारोळे मागे टाकून धुळ्याला यावे. पांझरेकाठच्या या गावी ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे वारले. १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. गावोगाव हिंडून, माळ्यावरची दप्तरे उकलून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली. जुना कागद हाती आला की कोणाचे नाव सांगतात यापेक्षा अक्षर, शिक्का, मिती काय बोलतात ते आधी पाहायचे, ही संशोधकाची रीत. लोखंडालाही तीच लागू. साहेबाचे नाव गळून पडले म्हणून सहाबारीची किंमत जात नाही. उलट तिचे स्वतःचे चरित्र तिथून सुरू होते.