थकबाकीचा रविवार

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. आमचा वसई धर्मप्रांत त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला, आणि माझा जन्मही त्याच वर्षीचा. तरीही २०२३ साली बँकेच्या नेमणुकीच्या पत्रावर ‘रिसोड, जि. वाशीम’ ही अक्षरे वाचली, तेव्हा घरात कुणालाच ते गाव ठाऊक नव्हते. आजीने तेवढे विचारले, “तिथे मिस्साला कुठे जाशील?”

“बघू,” असे म्हणून मी निघाले. पुढे दीड वर्ष घरच्या प्रत्येक प्रश्नाला मी हेच उत्तर देत राहीन, असे तेव्हा वाटले नव्हते.

रिसोड हा काळ्या मातीचा, सोयाबीन आणि तुरीचा तालुका. गावाचे नाव जुनी माणसे ऋषींशी जोडतात. मला खोली मिळाली ती एका माळकरी काकूंच्या घरात. आजीने बांधून दिलेले सुके बोंबील मी चार पिशव्यांत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवले आणि पहिल्या सुट्टीत तसेच वसईला परत नेले. काकूंना वास आला नसेल असे नाही. पण त्यांनी कधी विषय काढला नाही. उलट रविवारी सकाळी मी दप्तर घेऊन निघाले की त्या अंगणातून हाक मारीत, “काऊन व पोरी, आज बी बँकेत चालली काय?”

बहुधा चाललेली असे. एप्रिल ते जुलै हे पीक कर्जाचे दिवस. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले, तर केंद्राच्या आणि राज्याच्या सवलती मिळून शेतकऱ्याला व्याज पडत नाही. त्यामुळे मुदत सरत आली की जुने कर्ज भरून नवे घेण्यासाठी शाखेत पाय ठेवायला जागा उरत नाही. सात-बारा, आठ-अ, अंगठे, सह्या. २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे हे खरे, पण हंगामात ती सुट्टी पाहुण्यासारखी दारातूनच परत जाई.

उरलेले आयुष्य मग एखाद्या मोकळ्या रविवारी उरकायचे. त्यासाठी मी वहीच्या शेवटच्या पानावर यादी करीत असे. साठलेले कपडे, गॅसची नोंदणी, चपलेचा तुटलेला अंगठा, मैत्रिणीच्या साखरपुड्याला न गेल्याबद्दल तिची क्षमा मागणे, विम्याचा हप्ता, आणि सर्वांत खाली, ‘आईला निवांत फोन’. कपडे धुतले जात. चप्पल शिवून येई. शेवटची ओळ मात्र पुढच्या रविवारच्या यादीत तशीच उतरे. आई सकाळी अकराला फोन करी, तेव्हा काउंटरपुढे रांग असे आणि खणातला फोन थरथरून गप्प होई. रात्री नऊला मला सवड मिळे, तेव्हा वाटे, आता ती झोपली असेल. शिवाय ‘निवांत’ हा शब्द मीच घातला होता. पाच मिनिटांचा फोन म्हणजे तिचा अपमान, असे मी स्वतःला समजावीत असे. ही सबब मला बरेच दिवस पुरली.

महिन्याकाठी एखाद्या रविवारी पहाटेची एसटी धरून मी अकोल्याला मिस्साला जाई. जाण्यायेण्यातच दिवस संपे. त्यातही प्रवचन चालू असताना मनात यादीच चाले. मार्था आणि मरिया यांची गोष्ट वाचली जाते, तेव्हा मला नेहमी मार्थेची कणव येते. पाहुण्यांचे जेवण कोणीतरी रांधायला हवेच होते. पण मार्था निदान त्याच घरात होती, हाकेच्या अंतरावर.

२५ जुलै २०२४ रोजी फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ची प्रत आजीने माझ्या ट्रंकेत ठेवली होती. ती बातमी मला शाखेत कळली. त्या दिवशी आईचे तीन फोन येऊन गेले होते. मी उलट फोन केला नाही. दोन दिवसांनी केला, तेव्हा बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही वसुलीसाठी खेडोपाडी फिरत होतो. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून खाली विकावे लागत होते. एका गावात आमची गाडी दिसताच एक शेतकरी मागल्या दाराने निघून गेला. त्याच्या बायकोने आम्हांला चहा दिला. मान वर न करता दिला. या माणसाने त्याआधीची कितीतरी वर्षे एकही मुदत चुकवली नव्हती. आठवड्याने तो आपण होऊन शाखेत आला. पाच हजार रुपये टेबलावर ठेवून म्हणाला, “पह्यल्या खेपेले पैसे नव्हते म्हून आलो नाई, मॅडम. मंग दुसऱ्या खेपेले लाजेनं आलो नाई.”

मी पावती करून दिली. सायंकाळपर्यंत त्याचे दुसरे वाक्य काही मला सोडीना.

त्या रविवारी यादी न करताच घरी फोन लावला. धाकट्या भावाने उचलला. “ताई, हळू बोल, बाबा झोपलेत. आज टाके जरा कमी दुखतायत.”

“कसले टाके?”

बाबांचे हर्नियाचे ऑपरेशन होऊन अकरा दिवस झाले होते. मग आई फोनवर आली. “तू कामात असतेस, म्हणून नाही कळवलं,” ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर बरे झाले असते.

पीक कर्ज थकून दोन हंगाम उलटले की ते खाते अनुत्पादक ठरते, आणि तेव्हापासून बँक त्यावरचे व्याज आपल्या उत्पन्नात धरत नाही. येणे बाकी असते, पण ते येईलच असे धरून हिशेब मांडत नाहीत. हा नियम मी परीक्षेसाठी पाठ केला होता. माझ्या घरच्यांनी माझ्या बाबतीत नेमके हेच केले होते.

चौथ्या शनिवारला जोडून शुक्रवारी दुपारची रजा टाकली, अकोला गाठले आणि रात्रीची विदर्भ एक्सप्रेस धरली. सकाळी दादर, तिथून लोकलने वसई. बाबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. मला पाहून आधी आईला म्हणाले, “चहा ठेव, ही रात्रभर जागी असेल.” ऑपरेशनचा विषय दोघांनीही काढला नाही. मी दोन दिवस त्यांच्या गोळ्यांच्या वेळा पाळल्या, आणि त्यांनी मला त्या पाळू दिल्या. एरवी ते कुणाला जुमानत नाहीत.

रिसोडला परतल्यावर मी यादीतून ‘निवांत’ हा शब्द काढून टाकला. शाखा उघडण्याआधी मागच्या आवारात कडुलिंबाखाली उभी राहून रोज पाच मिनिटे फोन करू लागले. एखाद्या दिवशी पाचाची दोनच होत. पहिल्या आठवड्यात आई दचकून विचारी, “काय झालं?” काही झाले नाही, हे तिला पटायला वेळ लागला.

एका सोमवारी फोन आजीने उचलला. “काल मिस्साला गेली होतीस का?”

“नाही गेले, आजी. कपडे धुतले आणि झोपले.”

“बरं,” असे म्हणून ती जराशी थांबली. मग गावात कुणाचे लग्न ठरले, कुणाच्या नारळावरून भांडण झाले, तिचा कोणता गुडघा कोणत्या वेळी दुखतो, हे सांगत सुटली. पुढे शटर वर गेल्याचा आवाज आला, शिपायाने हाक मारली, तरी ती दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोहोचली नव्हती.