पोलादपूरहून महाडला, जर्मनमध्ये

गणपतीला गावी गेलं की पोलादपुरात दोन प्रश्न ठरलेले असतात. कधी आलीस, आणि किती दिवस आहेस. या खेपेला तिला तिसरा प्रश्न भेटला. आरती झाली, खिरापत वाटून झाली, आणि खालच्या आळीतला आयटीआय केलेला पोरगा पडवीत घुटमळत म्हणाला, "ताई, जर्मनचं बी-वन किती महिन्यांत निघतं?"

स्लॅबला किती पोती सिमेंट लागेल, हे ज्या आवाजात विचारतात तोच आवाज. त्याच्या मोबाइलमध्ये जर्मन शिकवणारं अ‍ॅप होतं, शंभरपर्यंत आकडे पाठ होते, आणि श्टुटगार्टात इलेक्ट्रिशियनला काय पगार मिळतो हे त्याला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. रोज दोन तास नेटानं बसलास तर वर्षभर धर, असं तिनं सरळ सांगून टाकलं. पण आतून ती उखडली होती. तिनं जर्मन घेतलं तेव्हा आळीतल्या एकूण एक काकूनं तिच्या आईजवळ हळहळ केली होती. आता तीच भाषा तालुक्यात आली, तर पासपोर्ट हातात घेऊनच आली.

आली ती सरकारी वाटेनं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी १०,००० मुलं पहिल्या टप्प्यात पाठवायची, आणि त्याआधी त्यांना जर्मन शिकवायचं. कोकणातला माणूस पोटासाठी बाहेर पडतो यात नवल नाही. या तालुक्यानं गिरण्यांना, गोदीला, पोलीस लाइनीला पिढ्यान् पिढ्या माणसं पुरवली. आता गोदीच्या पलीकडे एवढंच. हे सगळं तिला कळतं, तरी राग येतो. गटेचं नाव त्या पोरानं एकदा तरी काढावं, अशी तिची कुठेतरी अपेक्षा असावी. अपेक्षा भाबडी आहे, पण तिच्या अख्ख्या शिक्षणाचा पायाच तो आहे. तिला नववी-दहावीच्या मुलांना जर्मन भाषा आणि साहित्य शिकवायचं होतं. साहित्यसुद्धा.

पुण्याला ती गेली एमपीएससीसाठी. महाडला इतिहास घेऊन बी.ए. झालेलं, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, अभ्यासिकेची फी आणि डब्याचे पैसे घरून. एका संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती मैत्रिणीसोबत सहज गेली. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग तिथे. मैत्रिणीनं फ्रेंचचा फॉर्म घेतला आणि हिनं जर्मनचा. पुढे प्रमाणपत्र, पदविका, प्रगत पदविका अशी चढत गेली आणि एमपीएससीचे ठोकळे कॉटखाली गेले.

सोपं गेलं म्हणावं तर तसंही नाही. पण वर्गातली हिंदी भाषक मुलं नपुंसकलिंग बघून गांगरत, तिथे तिला काही वाटत नसे. तो, ती, ते लहानपणापासून तोंडात. वस्तूला लिंग का असावं, असला प्रश्न मराठी माणसाला पडतच नाही. कुठल्या वस्तूला कुठलं, एवढाच घोळ. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं यानं तर तिला घरी आल्यासारखं झालं. मुख्य वाक्यात ते दुसऱ्या जागेवर ठाण मांडून बसतं, त्याची मात्र सवय करावी लागली.

पुण्यात जर्मन शिकणाऱ्याला टिळक चुकत नाहीत. कुणालाही सांगा, समोरचा लगेच मंडाले काढणार. १९०८ ते १९१४ या कैदेत लोकमान्य पुस्तकं मागवून आपले आपण जर्मन शिकले, फ्रेंचही शिकले. घरमालकांनी हे तिला इतक्या वेळा ऐकवलं की भाड्याची पावती मागायला जाताना ती मंडालेची मानसिक तयारी ठेवायची. मग मागोमाग मार्टिन हाउग, जो १८५९ मध्ये पुण्याला संस्कृत शिकवायला आला. मग डेक्कन कॉलेजातले कीलहॉर्न, ज्यांनी पतंजलीचं महाभाष्य संपादून छापलं. जर्मन माणसं इथे संस्कृतसाठी आली आणि आपली माणसं जर्मनकडे गेली ती ग्रंथांसाठी, रसायनशास्त्रासाठी, इरावती कर्व्यांसारखी मानवशास्त्रासाठी. ज्याच्या नावानं आपल्याकडची जर्मन सांस्कृतिक केंद्रं चालतात तो मॅक्स म्युलर भारतात कधीच आला नाही, हे घरमालकांना तिनं एकदा सांगितलं. ते त्यांना आवडलं नाही.

तर ते पुलाचं. ती कितीही टाळते, तरी तिथेच येऊन पोचते.

२०१६ चा पावसाळा. शिक्षक होऊ घातलेल्यांसाठी एका वर्गात ती जायची. तिथे सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसत आणि पाळीपाळीनं एकेकानं पाठ घ्यायचा. तिच्या वाट्याला आलं 'रस्ता विचारणे आणि सांगणे'. पाठ्यपुस्तकात नकाशा होता: रेल्वे स्टेशन, चर्च, टाउन हॉल, म्युझियम. पोलादपुरात यातलं एकही घेण्यासारखं नाही. कोकण रेल्वेसुद्धा तालुक्याच्या गावाला बगल देऊन खेडकडे जाते. तिनं कार्डशीट आणलं आणि आपला नकाशा काढला. एसटी स्टँड, महाबळेश्वरकडे वळणारा फाटा, कवींद्र परमानंदांची समाधी, निळ्या स्केचपेननं सावित्री, आणि महाडच्या अलीकडचा जुना दगडी पूल, तपकिरी कमानींसकट. कमानींना सगळ्यात जास्त वेळ लागला.

पाठ होता ३ ऑगस्टला सकाळी. २ ऑगस्टच्या रात्री तो पूल गेला. १९२८ चं बांधकाम, अंधार, सावित्रीला महापूर. मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी आणि काही खासगी गाड्या पाण्यात गेल्या. सकाळी अभ्यासिकेच्या टीव्हीवर तिनं पाहिलं. घरचा फोन लागत नव्हता. नंतर लागला, घरचे सगळे घरात होते.

पाठ झालाच. पुढे ढकलता आला असता, पण तिनं ते विचारलंच नाही, आणि का विचारलं नाही हे तिला आजही नीट सांगता येत नाही. कार्डशीट फळ्यावर चिकटवलं. जर्मनमध्ये काही शब्दयोगी अव्यय असे आहेत की हालचाल असेल तर पुढच्या नामाची एक विभक्ती, जागच्या जागी असेल तर दुसरी. पाठाचा सगळा मुद्दा तोच. टाचणात ठरल्याप्रमाणे पहिल्या बाकावरच्या मुलानं विचारलं, पोलादपूरहून महाडला कसं जायचं? आणि तिनं अचूक विभक्तीत, अचूक क्रियापदासकट उत्तर दिलं: सरळ जा, मग पुलावरून.

वर्गात कुणी चमकलं नाही. पुणे, नाशिक, नागपूरची मुलं. पूल त्यांच्या लेखी कार्डशीटवरचा होता. शेवटी निरीक्षकांचा शेरा आला. व्याकरण निर्दोष, फलक लेखन स्वच्छ, शैक्षणिक साहित्य परिश्रमपूर्वक; परंतु नकाशा जर्मन गावाचा असता तर भाषेचा अस्सल परिसर मिळाला असता. त्याचे गुण कापले होते. कुणाचा शेरा, कुठला वर्ग, ते ती सांगत नाही. शेरा मात्र तोंडपाठ आहे.

अस्सल परिसर! जर्मनचा अस्सल परिसर इथे कुणाला मिळाला होता? मंडालेच्या कोठडीत तरी कुठे होता?

नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. एसटी त्यावरून सुसाट जाते. खिडकीतून खाली पाहायची सवय तिनं मोडलेली नाही.

शाळेत शिकवायचं तर बी.एड. हवं, आणि बी.एड. म्हणजे दोन अध्यापन पद्धती. मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत, गणित, विज्ञान, इतिहास. जर्मन तिच्या कॉलेजात नव्हतं. म्हणजे जर्मनची शिक्षिका व्हायला तिनं दोन वर्षं इतिहास आणि इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकून घेतलं. तिला यात अन्याय वाटण्यापेक्षा गंमतच जास्त वाटते. आंतरवासितेला तिनं मुद्दाम महाडची शाळा मागितली. रोज घरून जाता येत होतं.

तिथे इतिहासाच्या पाठात चवदार तळं आलं. महाडच्या मुलांना २० मार्च १९२७ काय सांगायचा? त्यांची अर्धी गल्ली दरवर्षी तिथे पाणी वाटपाला असते. मग ती वाट सोडून थोडी बाजूला गेली. तिनं सांगितलं की या तळ्यावर येण्याच्या सहाएक वर्षं आधी, लंडनला शिकत असताना, बाबासाहेबांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केला होता, आणि तो जर्मनमधून लिहिला होता. कोलंबियात त्यांनी प्राथमिक जर्मनचा अभ्यासक्रम घेतला होता. बॉनमधलं शिक्षण काही पुरं झालं नाही. ते लंडनची पदवी घेऊन १९२३ मध्ये परतले.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, त्यांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, म्हणून जर्मन घेतलं का?"

तसं नाही, ती म्हणाली. शाळेत संस्कृत नाकारल्यावर त्यांनी पर्शियन घेतलं. जर्मन आलं ते पुढे अर्थशास्त्रामागून. कोलंबियातले त्यांचे गुरू सेलिगमन स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. उत्तर बरोबर होतं, पण मुलाचा प्रश्न उत्तराहून मोठा होता. तिला २०१४ चा नोव्हेंबर आठवला. २०११ च्या करारानं केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून आलेलं जर्मन तेव्हा भर वर्षात काढलं गेलं आणि त्या जागी संस्कृत आलं. मुलं ७०,००० च्या घरात. ब्रिस्बेनच्या जी-ट्वेंटीत मेर्केलबाईंनी मोदींजवळ विषय काढला इथपर्यंत प्रकरण गेलं. पुढच्या वर्षी जर्मन परतलं, पण जादा भाषा म्हणून. रानडेच्या कट्ट्यावर तेव्हा दोन तट पडले होते, संस्कृतवाले आणि जर्मनवाले. कीलहॉर्नना दोन्हीकडून हाताला धरून ओढलं असतं तर ते कुठल्या बाजूला गेले असते, असं तिला तेव्हा वाटलं होतं. ज्याला संस्कृतच्या वर्गाबाहेर ठेवलं त्या विद्यार्थ्याचा बॉनचा अर्ज मात्र त्या भांडणात कुणी काढला नाही. महाडच्या मागच्या बाकानं काढला.

पाठाच्या वहीत शेरा पडला: विषयांतर टाळावे.

नोकरी लागली पुण्यातल्या एका शाळेत, तासिका तत्त्वावर. तिथे कळलं की जर्मनला पालक 'स्कोअरिंग' म्हणतात. मराठीत शंभरात नव्वद पडणं मुश्कील, जर्मनमध्ये पंच्याण्णव पडतात. मग अकरावी-बारावीलाही तेच चालू ठेवायचं आणि निकाल लागला की विसरायचं. पूर्वी ग्रंथांसाठी, मग मार्कांसाठी, आता व्हिसासाठी. या भाषेला आपण कधी नुसतं बसायला पाट म्हणून दिला नाही. नाटकवाल्यांनी तेवढा दिला. खानोलकरांनी ब्रेश्टचं 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं आणि विजयाबाईंनी ते बसवलं. १९७८ मध्ये पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' आला. त्यात मार्क नव्हते आणि बी-वनही नव्हतं.

म्हणून नववीला ती दर वर्षी अभ्यासक्रमात नसलेली एक गोष्ट शिकवते, व्होल्फगांग बोर्शेर्टची 'डास ब्रोट'. १९४६ ची, युद्धानंतरच्या उपासमारीची. जेमतेम दोन पानं, वाक्यं इतकी छोटी की दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही पेलावीत. रात्री अडीचला बायकोला जाग येते. नवरा स्वयंपाकघरात उभा. टेबलावर सुरी, पावाचे कण. त्यानं चोरून एक काप खाल्लाय. तो म्हणतो, काहीतरी आवाज आला म्हणून उठलो. ३९ वर्षांच्या संसारानंतरचं हे खोटं तिला सहन होत नाही, पण ती काही बोलत नाही. उलट आवाज बाहेरूनच आला असेल म्हणते. दुसऱ्या दिवशी जेवताना ती आपल्यातला एक काप त्याच्या पानात सरकवते. मला संध्याकाळी पाव सोसत नाही, म्हणते.

ही गोष्ट शिकवताना तिला कार्डशीट लागत नाही. दुष्काळात, रेशनच्या रांगेत, माणसं जास्त आणि भाकऱ्या मोजक्या अशा घरात, मला भूक नाही असं म्हणणारी बाई प्रत्येकाच्या आजीच्या गोष्टीत असते. जर्मन गावाचा नकाशा कुणी मागत नाही.

चाचणीत मात्र चूक की बरोबर या नमुन्याचे प्रश्न द्यावेच लागतात. शाळेचा तसा नियम आहे. गेल्या चाचणीत तिनं एक विधान घातलं: त्या बाईला संध्याकाळी पाव सोसत नाही. अर्ध्या वर्गानं बरोबर लिहिलं, कारण गोष्टीत बाई तसं म्हणते. अर्ध्यांनी चूक लिहिलं. पेपर परत मिळाल्यावर जी जुंपली ती जर्मनमध्ये सुरू होऊन पाचव्या वाक्याला मराठीत घुसली. एक मुलगी ताडकन उठून म्हणाली की तिची आजी अजून असंच करते आणि विचारलं तर अ‍ॅसिडिटी सांगते. तिनं दोन्ही उत्तरांना मार्क दिले. दुसऱ्या दिवशी एका पालकांचा फोन आला, की मॉडेल आन्सर नक्की कोणतं धरायचं.