वाचायची एक, ऐकायची एक

टीव्हीवर ‘भाषा बदला’ म्हटलं की त्यातून तीन गोष्टी निघतात. एक मेनू, म्हणजे ‘शोधा’, ‘माझी यादी’ वगैरे पाट्या. दुसरा चित्रपटाचा आवाज. तिसरी खालची अक्षरं, सबटायटल. नेटफ्लिक्सवर पहिली गोष्ट प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये सापडते. उरलेल्या दोन चित्रपट चालू असताना पडद्यावरच निवडायच्या. मेनू हिंदी केला तरी नायक इंग्रजीच बोलायलाय म्हणून जे रिमोट आपटले जातात, ते या तिन्हींची गल्लत झाल्यामुळं.

*

शेजारच्या अव्वांना नातवानं कौतुकानं सगळा मेनू तेलुगू करून दिला. अव्वांनी जन्मभर विड्या वळल्या. घरात तेलुगू, कारखान्यात पानं-तंबाखू आणायला गेलं तरी तेलुगू, मंडईत मराठी. शाळेची चार वर्षं झाली ती मात्र मराठीत. पडद्याकडं बघून म्हणाल्या, “हे कोण वाचायचं रे?” नातू गप्प. तो शिकलेला इंग्रजी माध्यमात, त्यालाही ती लिपी येत नव्हती. शेवटी मेनू मराठी आणि आवाज तेलुगू, असं लावून दिल्यावर अव्वांचं समाधान झालं.

*

बोलायची भाषा एक आणि वाचायची दुसरी, हे सोलापुरात घरोघरी आहे. 1877 साली ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी निघाली. मागाच्या कामासाठी तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं येत राहिली आणि साखर पेठ, दाजी पेठ, गेंट्याल टॉकीज हा सगळा पूर्व भाग तेलुगू बोलू लागला. अक्कलकोटच्या बाजूला घरात कन्नड आणि पाटीवर मराठी. मुसलमान मोहल्ल्यात बोलायला दखनी. शाळा कुणाची उर्दू, कुणाची मराठी. जिभेवरची भाषा आईकडून मिळते, डोळ्यांची शाळेकडून. ॲप बनवणारे बहुधा दोन्हींचा पत्ता एकच धरतात.

*

दोन्हींचा पत्ता एकच धरण्याला एक अपवाद नोंदवायला हवा. झी फाइव्ह ॲप मेनूची भाषा वेगळी विचारतं आणि कार्यक्रमांच्या भाषा वेगळ्या. कार्यक्रमांसाठी एकाहून जास्त भाषांवर खूण करता येते. मराठी पाट्या, बघायला मराठी, तेलुगू, कन्नड. आमच्या गावाला शोभेल असा फॉर्म.

*

काही तारखा. प्राइम व्हिडिओचा मेनू 2018 साली हिंदीत आला, पाठोपाठ तमिळ आणि तेलुगूतही. नेटफ्लिक्सचा हिंदी मेनू ऑगस्ट 2020 मधला. ॲपमधल्या मराठीचा आग्रह रस्त्यावर उतरला तो 2020 च्या अखेरीस, आणि तोही खरेदीच्या ॲपवरून: ॲमेझॉनवर मराठी हवी म्हणून मनसेनं आंदोलन केलं. पुढच्या वर्षी तिथं मराठी आली. सोलापुरापुरतं बघायचं तर प्राइमच्या मेनूत पूर्व भागाचा नंबर बाकीच्या गावाआधी लागला होता. कुणी त्याचे पेढे वाटल्याचं ऐकिवात नाही. कारण वर अव्वांच्या टिपणात आहेच.

*

महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मेहरचंद महाजन आयोगानं 1967 च्या अहवालात अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातली गावं कर्नाटकाला द्यावीत असं सुचवलं होतं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला, गावं इथंच राहिली. आपला आग्रह होता की भाषा मोजताना खेडं हा घटक धरा, अख्खा तालुका धरू नका. नेटफ्लिक्सनं घटक आणखी लहान केला: एका खात्यात पाच प्रोफाइल, प्रत्येकाची भाषा निराळी. तालुक्यावरून खेड्यावर, खेड्यावरून घरावर, घरावरून माणसावर आलं, तरी बाकी शून्य येत नाही. माणसाचेही आतून दोन भाग पडतातच: वाचणारा आणि ऐकणारा.

*

‘सैराट’ 2016 चा. करमाळ्याकडच्या मुलखात चित्रित झालेला, आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. दुसऱ्याच वर्षी त्याचा कन्नड ‘मनसु मल्लिगे’ झाला आणि त्यातही तीच होती. म्हणजे भाषा बदलायला अख्खा चित्रपट पुन्हा काढला. उलट 2021 च्या ‘पुष्पा’त चेहरा अल्लू अर्जुनचा आणि हिंदी आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा. पूर्व भागातली पोरं तो मूळ तेलुगूत बघतात आणि कट्ट्यावर संवाद मारतात ते मात्र हिंदीतले.

*

मेनू मराठीत आला तरी ‘श’ आणि ‘ल’ पाहावेत. आपला देठाचा श आणि पाकळीचा ल यांची वळणं शासनानं 2009 च्या निर्णयात नमुन्यासकट दिली आहेत. संगणकाच्या लेखी हिंदी ‘ल’ आणि मराठी ‘ल’ हे एकच अक्षर, एकच क्रमांक. फॉन्टमध्ये मराठी वळण भरलेलं असावं लागतं, शिवाय ‘हा मजकूर मराठी आहे’ अशी खूण ॲपनं करावी लागते. यातलं एक जरी राहिलं तरी मराठी वाक्य बहुधा हिंदी हस्ताक्षरात उमटतं.

*

न कळणाऱ्या भाषेत अडकल्यावर काय करावं? शब्द सोडून चित्रं बघावीत. चेहऱ्याचं किंवा दातेरी चाकाचं चिन्ह शोधून आत शिरावं. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव बहुधा तिच्याच लिपीत असतं, त्यामुळं मेनू कोरियन झाला तरी ‘मराठी’ हे मराठीतच दिसेल, अर्थात ॲपमध्ये मराठी असेल तर. मेनू वाचता येतोय तोवरच एकेका पायरीचा फोटो काढून ठेवलेला बरा. फोन अँड्रॉइड 13 किंवा त्यापुढचा असेल, तर फोन इंग्रजीत ठेवून एखादंच ॲप मराठीत करता येतं. ॲपवाल्यांनी तशी सोय ठेवलेली हवी.

*

टीव्ही जोडून द्यायला येणारी पोरं आल्याबरोबर विचारतात, “मालक, लँग्वेज कुठली ठेवू?” त्यांनी प्रश्नाचे दोन करावेत: वाचायला कुठली, ऐकायला कुठली? आणि ते मालकाला विचारून भागणार नाही. दुपारभर रिमोट ज्यांच्या हातात असतो, त्या घरातल्या बाईंना विचारावेत.